व्हिएरा दा सिल्व्हा यांचे चरित्र गोव्यातील मराठी वाचकांसाठी कसे लिहावे

वाचनालयातील व्याख्यान असो, महाविद्यालयाचा वार्षिकांक असो की दिवाळी अंकातील लेख असो, युरोपीय चित्रकाराचे चरित्र लिहायला घेतले की आपली लेखणी ठरलेल्या वाटेने चालू लागते. जन्म, शिक्षण, पॅरिस, प्रदर्शने, पुरस्कार आणि मृत्यू एवढे आले की लेख पूर्ण झाला, असे आपण समजतो. वास्तवदर्शी चित्रकाराच्या बाबतीत हा साचा कसाबसा निभावून जातो, कारण त्याच्या चित्रात माणूस, घर, झाड दिसत असते आणि वाचक त्यांची सांगड चरित्राशी आपल्या परीने घालून घेतो. अमूर्त चित्रकाराचे चरित्र मात्र या साच्यात घातले की आयुष्य एका काठावर आणि चित्रे दुसऱ्या काठावर राहतात. म्हणून या प्रकारच्या लेखनासाठी मी एकच कसोटी लावतो: चरित्रातील प्रत्येक घटना चित्रातील एखाद्या रेषेपर्यंत, रंगापर्यंत किंवा आकारापर्यंत पोहोचली पाहिजे, आणि जी पोहोचत नाही ती, कितीही रंजक असली तरी, गाळली पाहिजे.

हे काम कसे करावे, ते मारिया एलेना व्हिएरा दा सिल्व्हा या चित्रकर्तीच्या उदाहरणाने सांगतो. लिस्बनमध्ये 13 जून 1908 रोजी जन्मलेल्या आणि पॅरिसमध्ये 6 मार्च 1992 रोजी निधन पावलेल्या या कलावतीची निवड मी गोव्यातील लेखकासाठी मुद्दाम केली आहे. कँडिन्स्की किंवा मोंद्रियान या अमूर्त चित्रकारांवर मराठीत लिहिणाऱ्याला वाचकाच्या अनुभवातील आधार शोधत बसावे लागते. व्हिएरा दा सिल्व्हांच्या चित्रांचा पाया असलेला पोर्तुगीज अझुलेजू, म्हणजे झिलई दिलेली चौकोनी रंगीत फरशी, आपल्याकडे पणजीच्या फोंतेन्यश भागातील घरांवरील नामफलकांतही आहे आणि जुन्या घरांच्या भिंतींवरही आहे. जी गोष्ट इतर प्रांतांतील वाचकाला तळटीप देऊन समजवावी लागेल, ती येथील वाचकाच्या पायाखालची आणि हाताजवळची आहे. हा लाभ लेखकाने सोडू नये.

सर्वांत आधी पुस्तक उघडू नये, चित्र उघडावे. त्यांचे ‘बुद्धिबळाचा डाव’ हे 1943 मधील तैलचित्र पॅरिसच्या पोंपिदू केंद्राच्या संग्रहात आहे. त्याची चांगली प्रतिमा मोठ्या पडद्यावर घ्यावी, मोबाइलवर पाहू नये, आणि निदान अर्धा तास त्या चित्रासमोर वही घेऊन बसावे. वहीत केवळ जे दिसते ते पूर्ण वाक्यांत लिहावे. प्रथम दिसतात ते पटाच्या दोन बाजूंना बसलेले दोन खेळाडू. मग लक्षात येते की पटावरचे काळे-पांढरे चौकोन पटाच्या कडेला थांबलेलेच नाहीत. ते मेजावर उतरले आहेत, खेळाडूंच्या अंगावर चढले आहेत, जमिनीवर पसरून भिंतींपर्यंत गेले आहेत. काही चौकोन ताणून लांबट झाले आहेत, काही दबून अगदी बारीक झाले आहेत, आणि तपकिरी, पिवळसर, राखी छटांच्या या जाळ्यात माणूस कुठे संपतो आणि खोली कुठे सुरू होते हे सांगणे कठीण होऊन बसते. अर्ध्या तासानंतर वहीत अशी दहा-बारा वाक्ये जमली की लेखाचा गाभा तयार झाला असे समजावे. या टप्प्यावर ‘गूढ’, ‘अथांग’, ‘चिंतनशील’ हे शब्द वहीत येऊ देऊ नयेत. हे शब्द आले की पाहणे थांबते, असा माझा अनुभव आहे.

यानंतर चरित्राची सामग्री गोळा करावी. त्यासाठी वहीच्या पानावर तीन रकाने आखावेत: साल, गाव आणि ‘चित्रात काय आले’. पहिले दोन रकाने भराभर भरतात. तिसरा रिकामा राहिला तर ती ओळ लेखात घ्यायची की नाही, याचा विचार करता येतो. माझ्या वहीतील रकाने कसे भरत गेले ते थोडक्यात सांगतो, म्हणजे पद्धत स्पष्ट होईल.

वडील मार्कुश व्हिएरा दा सिल्व्हा यांचे 1911 मध्ये, मुलगी अवघी दोन-अडीच वर्षांची असताना, निधन झाले आणि आई तिला घेऊन लिस्बनमध्ये आजोबांच्या घरी राहू लागली. आजोबा ‘ओ सेकुलू’ या मोठ्या दैनिकाचे संचालक होते. मुलीचे शिक्षण घरीच झाले, बरोबरीची भावंडे नव्हती, पुस्तके आणि संगीत मात्र भरपूर होते. या नोंदीपुढचा तिसरा रकाना सुरुवातीला रिकामा ठेवावा लागतो, कारण एकट्या मुलीचे बालपण हे शेकडो चरित्रांत असते. पण 1949 मधील ‘ग्रंथालय’ या चित्रापर्यंत आलो, पुस्तकांच्या उभ्या पाठींसारखे बारीक पट्टे रांगेमागून रांगेने खोलवर जाताना पाहिले, आणि तो रकाना भरला. त्या घरातील पुस्तकांचाच हा थेट परिणाम, असे ठामपणे लिहू नये. बालपणीच्या पुस्तकांनी भरलेल्या घराची नोंद आणि चाळीस वर्षांनंतरचे चित्र शेजारी-शेजारी ठेवावे आणि वाचकाला पाहू द्यावे. चरित्रलेखनात इतका संयम आवश्यक आहे.

किशोरवयात चित्रकला व शिल्पकला शिकत असतानाच त्यांनी लिस्बनच्या वैद्यकीय विद्यालयात शरीररचनाशास्त्राचा अभ्यास केला. 1928 मध्ये त्या आईबरोबर पॅरिसला गेल्या, आंत्वान बुर्देल यांच्याकडे शिल्पकला शिकल्या, पुढे फेर्नां लेजे यांच्याकडे चित्रकला आणि हेटर यांच्या कार्यशाळेत मुद्राचित्रण शिकल्या. शिक्षकांची ही यादी लेखात एका वाक्यात संपवावी. लेजे यांचे नाव आले की लगेच घनवादाचा इतिहास सांगण्याचा मोह होतो, तो आवरावा. त्याऐवजी 1931 मध्ये त्यांनी मार्सेय बंदरातील लोखंडी वाहक-पूल (टांगत्या पाळण्यातून माणसे-वाहने पलीकडे नेणारा पूल) पाहिला आणि त्यावर चित्र काढले, ही नोंद विस्ताराने घ्यावी, कारण लोखंडी पट्ट्यांच्या त्या जाळीतून आरपार दिसणारे आकाश म्हणजेच पुढच्या साठ वर्षांच्या कामाची एक किल्ली आहे. कोकण रेल्वेचे लोखंडी पूल आगगाडीच्या खिडकीतून पाहिलेल्या वाचकाला, जाळीमागून सरकणारे पाणी क्षणाक्षणाला वेगळ्या तुकड्यांत कसे दिसते, हे वेगळे सांगावे लागत नाही.

हंगेरियन चित्रकार आर्पाद सेनेश यांच्याशी त्यांचा विवाह 1930 मध्ये झाला. चरित्राचा सर्वांत नाजूक धागा येथे सुरू होतो आणि गोव्यातील लेखकाने तो विशेष काळजीने हाताळावा असे मला मनापासून वाटते. परदेशी नागरिकाशी विवाह केल्यामुळे त्यांचे पोर्तुगीज नागरिकत्व गेले. सेनेश ज्यू होते. 1939 मध्ये युद्ध सुरू झाल्यावर हे दांपत्य पॅरिस सोडून लिस्बनला आले, नागरिकत्व परत मिळावे म्हणून त्यांनी अर्ज केला, आणि पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीने तो नाकारला. कोणत्याही देशाचे नागरिकत्व हाती नसताना 1940 मध्ये दोघे ब्राझीलला गेले आणि 1947 पर्यंत रिओ दी जानेरोत राहिले. ‘सालाझारची राजवट’ या शब्दांचा अर्थ पुण्या-मुंबईच्या वाचकाला समजावून द्यावा लागेल. ज्या गावातून 18 जून 1946 च्या मडगावच्या स्वातंत्र्यसभेला माणसे गेली, जिथल्या घरांत तुरुंगवासाच्या आठवणी अजून सांगितल्या जातात, तिथे त्याची गरज नाही. त्याच राजवटीने आपल्याच राजधानीत जन्मलेल्या एका चित्रकर्तीलाही परकी ठरवले होते, हे गोमंतकीय वाचकाला कळले पाहिजे. मात्र त्यावरून त्यांना स्वातंत्र्यसैनिक ठरवण्याच्या भरीस पडू नये. त्या चित्रकार होत्या, आणि त्या काळाचे त्यांनी काय केले हे चित्रात पाहावे: 1942 मधील युद्धावरच्या चित्रात माणसे, भाले आणि पट्ट्या इतक्या दाटीने गुंतल्या आहेत की नजरेला पाय ठेवायला मोकळी जागा मिळत नाही, आणि त्याच्या पुढच्याच वर्षी ‘बुद्धिबळाचा डाव’ येतो. तिसऱ्या रकान्यात ही दोन चित्रे लागोपाठ लिहिली की हद्दपारीची वर्षे वेगळ्या विशेषणांशिवाय उभी राहतात.

1947 नंतरची वर्षे लेखात वेगाने घ्यावीत. त्या पॅरिसला परतल्या, 1956 मध्ये फ्रेंच नागरिक झाल्या, 1961 च्या साओ पावलो द्वैवार्षिकीत त्यांना चित्रकलेचा मोठा पुरस्कार मिळाला आणि 1966 मध्ये फ्रान्सचा राष्ट्रीय कला महापुरस्कार मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. पुरस्कारांना दोन वाक्ये पुरतात. त्यातील 1961 हे साल मात्र येथील श्रोत्यांपुढे उच्चारताना क्षणभर थांबावे. त्याच वर्षी डिसेंबरात गोवा मुक्त झाला, आणि श्रोता आपल्या घरातल्या आठवणीवरून ते साल पक्के धरून ठेवतो. परक्या देशाचा कालक्रम लक्षात राहावा यासाठी असा एखादा खुंटा पुरेसा असतो. दुसरा खुंटा 1974 चा. त्या वर्षीच्या 25 एप्रिलला लिस्बनमध्ये क्रांती झाली, हुकूमशाही कोसळली, आणि कवयित्री सोफिया दी मेलू ब्रायनेर यांच्या ‘कविता रस्त्यावर आहे’ या शब्दांभोवती व्हिएरा दा सिल्व्हांनी भित्तिपत्रके रंगवली. त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी पोर्तुगालने भारताशी करार करून गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले.

आता चित्र कसे चालते हे समजावण्याचा भाग. यावर लेखाचा निदान एक तृतीयांश भाग खर्च करावा, कारण बहुतेक लेखांत हाच भाग राहून जातो. मडगाव स्थानकाच्या फलाटावर उभे राहून रुळांकडे पाहिले की ते दूरवर एका बिंदूत मिळाल्यासारखे दिसतात. चित्रात खोली दाखवण्याची युरोपातील जुनी रीत, म्हणजे यथादर्शन, याच निरीक्षणावर उभी आहे: चित्रातील मागे जाणाऱ्या रेषा एका बिंदूकडे धावतात आणि पाहणाऱ्याची नजरही तिकडे ओढली जाते. व्हिएरा दा सिल्व्हा ही रीत टाकून देत नाहीत. त्या फरशीच्या रेषा एका बिंदूकडे धावू देतात, आणि मध्येच फरशी दुमडून दुसऱ्या बिंदूकडे वळवतात, मग तिसऱ्या. परिणामी नजर कुठेच पोहोचत नाही, ती फिरत राहते. लंडनच्या टेट संग्रहातील त्यांचे 1935 मधील ‘फरशांची खोली’ हे चित्र यासाठी उत्तम आहे: भिंत, जमीन आणि छत सगळीकडे छोटे रंगीत चौकोन आहेत, त्यांच्या आकारावरूनच कोणता कोपरा जवळचा आणि कोणता दूरचा हे कळते, आणि काही ठिकाणी कळता कळता निसटते.

हे केवळ शब्दांत सांगू नये, हाताने करून दाखवावे. शाळेत किंवा वाचनालयात कार्यक्रम असेल तर प्रत्येकाला एक कोरा कागद आणि पेन्सिल द्यावी. कागदाच्या खालच्या अर्ध्या भागात एका बिंदूकडे जाणाऱ्या सात-आठ रेषा काढायला सांगाव्यात, त्यांना छेदणाऱ्या आडव्या रेषा वर जाताना जवळजवळ आणाव्यात, म्हणजे फरशी घातलेली जमीन तयार होते. मग तीच जमीन मधोमध थांबवून उरलेल्या रेषा कागदाच्या दुसऱ्या कोपऱ्याकडे वळवायला सांगाव्यात आणि तयार झालेले चौकोन तीनच रंगांनी भरायला सांगावे. एका हायस्कूलच्या वर्गात मी हे करून घेतले तेव्हा नववीतील एका मुलीने कागद डोळ्यांपासून लांब धरला आणि म्हणाली, “सर, ही जमीन हलते.” त्यानंतर अमूर्त म्हणजे काय याची व्याख्या मला द्यावी लागली नाही.

कार्यक्रम पणजीच्या आसपास असेल तर त्याच दिवशी सकाळी इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझाच्या प्रवेशदालनात श्रोत्यांना घेऊन जावे. तेथील निळ्या-पांढऱ्या अझुलेजूंची भिंत 1935 मधील आहे, जॉर्ज कोलासू यांची आहे आणि तिच्यावर पोर्तुगीज कवी कामोंइशच्या महाकाव्यातील प्रसंग आहेत. प्रथम दहा-बारा पावलांवरून जहाजे आणि माणसे पाहायला सांगावे. मग अगदी जवळ, हातभर अंतरावर उभे करावे. एवढ्या जवळून जहाज नाहीसे होते. उरतो तो एक चौकोन, त्यात निळ्या रंगाचा एक तिरपा फटकारा, आणि शेजारच्या फरशीशी जोडणारी बारीक सांध्याची रेषा, जिथे फटकारा केसभर सरकलेला असतो. सांध्यावर सरकलेली ती रेषा म्हणजे व्हिएरा दा सिल्व्हांच्या चित्राची सुरुवात, असे तेथे उभे राहून सांगितले की ते पटते. विशेष म्हणजे ही भिंत आणि ‘फरशांची खोली’ हे चित्र एकाच वर्षातले आहे. फरशीचा एक उपयोग साम्राज्याची गाथा सांगण्यासाठी झाला, आणि दुसऱ्या हातात तीच फरशी पाहण्याच्या क्रियेविषयीचा प्रश्न बनली. ही तुलना मी प्रत्येक वेळी करतो.

भाषेविषयी काही सूचना. पोर्तुगीज नावांत सुरुवातीचा ‘ह’ उच्चारत नाहीत, म्हणून हेलेना न लिहिता एलेना लिहावे. हंगेरियन नावाचा उच्चार सेनेश असा आहे, झेनेस नव्हे. गावातील पोर्तुगीज शिकलेल्या वडीलधाऱ्यांना नावे वाचून दाखवण्याची विनंती करावी, त्यांना आनंद होतो आणि आपल्या चुका टळतात. चित्रांची शीर्षके मराठीत द्यावीत. ‘अमूर्त’ हा शब्द वापरावा, पण जपून, कारण या चित्रांत शहर, पूल, ग्रंथालय, खोली सगळे काही आहे, केवळ त्यांचे कातडे काढून सांगाडा ठेवलेला आहे. आपल्याच गोमंतकीय कुळातील चित्रकार वासुदेव गायतोंडे यांनाही आपल्या चित्रांसाठी ‘अमूर्त’ हा शब्द पसंत नव्हता, हे वाचकाला सांगितल्यास शब्दाविषयीची ही सावधगिरी परकी वाटत नाही. गायतोंडे यांच्या शांत, थरांमागून उजळणाऱ्या चित्रांशी तुलना करण्याचा मोह होईल. ती एका परिच्छेदापलीकडे नेऊ नये, कारण दोघांची वृत्ती निराळी आहे आणि लेख कोणाचा आहे हे विसरता कामा नये.

छपाईबाबत मी एकदा चांगलाच पोळलो आहे. एका नियतकालिकाने माझ्या लेखासोबतचे चित्र कृष्णधवल छापले, जागेत बसावे म्हणून दोन्ही बाजूंनी कापले आणि वर आडवे फिरवले. वास्तवदर्शी चित्र आडवे झाले असते तर कोणाच्याही ध्यानात आले असते. तेव्हापासून मी प्रतिमेसोबत वेगळ्या कागदावर ‘वरची बाजू’ बाणाने दाखवतो, चित्र कापू नये असे लेखी कळवतो आणि मुद्रितशोधनात पान स्वतः पाहतो. याखेरीज हक्कांचा विषय आहे. भारतीय कायद्यानुसार कलावंताच्या निधनानंतर साठ वर्षे हक्क कायम राहतात, म्हणजे व्हिएरा दा सिल्व्हांची चित्रे छापण्यासाठी अजून बरीच वर्षे परवानगी घ्यावी लागेल. परवानगी वेळेत मिळण्यासारखी नसेल तर चित्र न छापता त्याचे वर्णन अधिक नेटके करावे आणि ते कोणत्या संग्रहात आहे ते लिहावे. वहीतील ती दहा-बारा वाक्ये येथे उपयोगी पडतात.

उत्तरायुष्यातील एक काम आपल्या वाचकासाठी मी कधीच गाळत नाही. फ्रान्समधील रँस शहरातील सेंट जाक चर्चसाठी त्यांनी रंगीत काचेच्या खिडक्यांची रचना केली. तोवर रंगाने दाखवलेला उजेड तेथे खराच त्या चौकटींतून आत आला. आपल्याकडील जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांचे पातळ तुकडे लाकडी चौकटींत बसवलेले असतात, आणि दुपारी त्यातून येणारा दुधी उजेड जमिनीवर चौकोन-चौकोन होऊन पडतो. त्या खिडकीखाली बसून अभ्यास केलेल्या माणसाला रँसच्या खिडकीविषयी लिहिताना शब्द शोधावे लागणार नाहीत.

लेखाचा शेवट मृत्यूच्या तारखेवर करू नये. सेनेश 1985 मध्ये गेले, त्या 1992 मध्ये गेल्या, आणि 1994 मध्ये लिस्बनमधील एका जुन्या शाही रेशीम कारखान्याच्या वास्तूत दोघांच्या नावाचे संग्रहालय उघडले, हे सारे शेवटच्या आधीच्या परिच्छेदात सांगून मोकळे व्हावे. शेवटी 1988 वर परत यावे. त्या वर्षी लिस्बनच्या भुयारी रेल्वेचे सिदादे युनिव्हर्सितारिया हे स्थानक सुरू झाले. त्याच्या भिंतीसाठी त्यांचे 1940 मधील, म्हणजे ब्राझीलला निघण्याच्या वर्षातील, एक चित्र निवडले गेले आणि मानुएल कार्गालेरू यांनी ते अझुलेजूंमध्ये उतरवले. ज्या शहराने नागरिकत्व नाकारले त्या शहराच्या भिंतीवर, फरशीतून निघालेले चित्र अठ्ठेचाळीस वर्षांनी पुन्हा फरशीत गेले. व्याख्यान असेल तर त्या भिंतीचे छायाचित्र पडद्यावर ठेवावे, सभागृहातील दिवे लगेच लावू नयेत, आणि श्रोत्यांना दोन-तीन मिनिटे ते पाहू द्यावे.